पाणी न पिणारे मालक

आमचे मालक भाडेकरूच्या घरचं पाणी पीत नसत. भर वैशाखात चाळीतून फेरी मारायला निघाले, तरी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात स्वतःचा झाकणाचा तांब्या. चाळ ती केवढी! नाशकात भद्रकालीच्या अलीकडे एका बोळात कौलारू खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये अंगण आणि अंगणात आड. या टोकाच्या खोलीतून त्या टोकाला जायला तोंडातली सुपारीसुद्धा संपली नसती. पण मालक निघणार ते लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे, तांब्या घेऊन.

मी लग्न होऊन त्या चाळीत आले तेव्हा मला याचा फार राग आला होता. पहिल्यांदा ते आमच्या दारात आले, तेव्हा मी रीतसर पाण्याचं भांडं पुढे केलं. आम्ही निफाडकडची माणसं, दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तर या गृहस्थांनी दोन्ही हात चटकन मागे घेतले. म्हणाले, "नको, नको. ते आत ने." आणि आमच्याच उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. संध्याकाळी हे छापखान्यातून आल्यावर मी सगळं ऐकवलं. हे हसून म्हणाले, "चक्रम आहेत, पण माणूस चांगला आहे." मी म्हटलं, चक्रमपणा तर दिसला, चांगुलपणा कधी दिसतो ते बघू.

चक्रमपणा मात्र रोज दिसायचा. म्युनिसिपालटीने खोल्यांना आकडे लावले होते, ते मालकांना मान्य नव्हते. त्यांनी प्रत्येक खोलीला भाडेकरूच्या गावाकडच्या नदीचं नाव दिलं होतं. आमची खोली कादवा. शेजारची मोसम. पलीकडे एक लंगडा तांबट राही, सिन्नरकडचा, त्याची खोली देवनदी. आणि माणसांनाही ते त्याच नावाने हाका मारत. "कादवा, तुझ्या पोराला सांग, आडाच्या काठावर चढू नको." नवरा, बायको, पोर, आम्ही सगळेच कादवा. मला सासरचं नवीन नाव अंगवळणी पडायच्या आधी हे नाव पडलं.

भिंतीला खिळा ठोकायची सक्त मनाई. खुंट्या लावायच्या असतील तर मालक स्वतः येऊन लावून देणार, आणि लावताना भिंतीवर हात फिरवून "झालं, झालं" म्हणणार. पावसाळ्याआधी कौलं चाळायलाही माणूस लावत नसत. साठी उलटलेला हा ब्राह्मण धोतर खोचून स्वतः छपरावर चढे आणि वरून प्रत्येक खोलीत ओरडून विचारी, "मोसम, उजेड दिसतो का? आता? आता गेला?" खालून सगळ्या बायका माना वर करून उत्तरं देत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घर राहणाऱ्याचं असतं. मालकाच्या वाट्याला नुसती गळती येते." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला. तो वर्षातून एकदा यायचा, चाळ विकून टाका म्हणायचा, आणि बापाच्या हातचं पिठलं खाऊन परत जायचा.

पाण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही आमच्या ओट्यावर बसून, ह्यांना आणि मला. त्यांच्या वडिलांची चांदवडला घरं होती. मालक तेव्हा विशीतले. एका कुळाकडे बापलेक पोटभर जेवले, हात धुतले, आणि तिथेच वडिलांनी घर खाली करायला सांगितलं. सामान बाहेर काढण्याचं काम लेकाकडे आलं. "मीच काढलं सगळं," मालक म्हणाले. "पाटा, वरवंटा, पाळणा. ती बाई रस्त्यात उभी होती. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, दादा, पोटभर जेवलात ना?"

एवढं बोलून त्यांनी तांब्यातला एक घोट घेतला. मग म्हणाले, "तेव्हापासून ठरवलं. ज्याच्या घरचं पाणी प्यालो, त्याला काढायचं नाही. आणि चाळवाल्याला कधी ना कधी काढावं लागतंच कुणाला तरी. म्हणून पाणीच प्यायचं नाही."

त्या दिवसापासून माझा राग गेला. शहाणं माणूस असा विचार करणार नाही हे मला कळत होतं, पण त्यांच्याबद्दल मला माया वाटायला लागली ती तेव्हापासून.

मोसममध्ये खाला राहायची. खाला म्हणजे मावशी. मालेगावची, पिंजाऱ्याची विधवा. नवरा होता तोवर तो कापूस पिंजायचा आणि ही गाद्या-उशा शिवायची. तो गेला, मूलबाळ नव्हतं, आणि पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ब्राह्मणाच्या चाळीत मुसलमान बाई, म्हणून गल्लीत कुजबूज होतीच. मालकांच्या ती कुजबूज खिजगणतीतही नव्हती. पण खाला स्वतःच फार जपून असायची. आडावर येऊ नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, तरी ती कधी आडावर गेली नाही. नाक्यावरच्या नळावरून चाचपडत घागर आणायची. मालक पाणी पीत नाहीत ते सोवळ्यामुळे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. खरं कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

मी तिला सुईत दोरा ओवून द्यायची. पाच-सहा सुया एकदम ओवून उशीत टोचून ठेवायची, म्हणजे तिची दुपार निघायची. ती हाताच्या अंदाजाने टाके घाली आणि माझ्या मुलाला हिंदीत गोष्टी सांगी. माझी आई लवकर गेली होती. खालाच्या खोलीत कापसाच्या त्या वासात बसलं की मला माहेरी आल्यासारखं वाटे.

तिचं भाडं फंडातून यायचं. बाजारातल्या पेढ्यांवर विकल्या जाणाऱ्या मालामागे थोडा धर्मादाय कापून घ्यायची पद्धत होती. त्यातून व्यापारी मंडळींनी निराधारांच्या घरभाड्यासाठी एक फंड काढला होता, आणि म्युनिसिपालटीही त्यात भर घालायची. आमच्या चाळीत खाला, तो लंगडा तांबट आणि कोपऱ्यातली एक म्हातारी माय अशा तिघांच्या खोल्या त्या फंडावर चालत. चाळीचा बराचसा भार त्या खोल्यांवरच होता, कारण बाकीचे आमच्यासारखे, आज आहे तर उद्या नाही.

मग मंदी आली. लासलगावच्या बाजारात कांद्याला कुणी विचारीना. गाडीभाडं सुटत नाही म्हणून लोक माल तिथेच टाकून परत येत. माल विकला जाईना तर धर्मादाय कशातून कापणार? म्युनिसिपालटीनेही हात आखडता घेतला. आधी फंडाचे एक गृहस्थ चौकशीला आले. लांब कोट, टोपी, हातात काठी. खालाच्या दारात उभे राहून आत डोकावत म्हणाले, "एकट्या बाईला एवढी खोली कशाला?"

खाला म्हणाली, "एवढी म्हंजे केवढी साहेब? पाय लांब केले तर दाराला लागतात."

"दोघी-दोघींनी एका खोलीत राहायला काय हरकत आहे? काटकसर आता सगळ्यांनाच करावी लागते."

"राहीन की. माझ्यासंगं कोन राहील ते तुमी विचारून या," खाला म्हणाली. ते गृहस्थ विचारायला गेले नाहीत. त्यांनाही उत्तर माहीत होतं.

पुढच्या महिन्यापासून मदत अर्धी झाली. उरलेली अर्धी भरायला खाला दिवसभर उशा शिवू लागली. मी ओवलेल्या सुया दुपारपर्यंत संपायच्या. तिची बोटं टोचून टोचून काळी पडली होती, आणि उशीवर रक्ताचा ठिपका उमटला तर गिऱ्हाईक परत करील म्हणून ती मला सारखी विचारायची, "बेटी, डाग दिसतो का बघ." मी बघायची. कधी कधी दिसायचा, मग मी तेवढी जागा थुंकी लावून पुसून काढायची.

होळीच्या सुमारास फंड बंदच झाला.

मालकांनी ते ऐकलं आणि दोन दिवस फेरीला निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी निघाले, छत्री आणि तांब्या घेऊन. आधी तांबटाकडे गेले. उभ्यानेच बोलले. तो गडी चार दिवसांत सिन्नरला भावाकडे गेला. मग म्हातारीकडे. तिची पुतणी येऊन तिला घेऊन गेली. त्या दोघांना निदान जायला दार होतं. खालाला कुणीच नव्हतं. मालेगावला नवऱ्याचे कुणी दूरचे होते, त्यांनी निरोपाला उत्तरही दिलं नाही. मला दिवसभर अन्न गोड लागेना. ही बाई आता जाणार कुठे?

मालक त्या फेरीत तिच्याकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गेले, आणि तेव्हा त्यांच्या हातात तांब्या नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मला लगेच लागला नाही. जरा वेळाने खाला भिंतीला धरत माझ्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "बेटी, मालक पानी मागतात. तुझ्या घरचं तांब्याभर घेऊन ये. तूच दे त्यांच्या हातात. मी नाय शिवत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खालाचं पाणी पिऊन टाकायचं, म्हणजे मग तिला काढायचा प्रश्नच उरत नाही, असा त्यांचा बेत होता! मला इतका आनंद झाला की मी खालाला काही समजावण्याआधीच तांब्या-भांडं उचलून तिच्या मागे निघाले. वाटलं, तिथे जाऊन सांगू.

मालक तिच्या खोलीत एका गादीच्या गुंडाळीवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तू कशाला आलीस, कादवा? मी हिच्याकडे मागितलं."

"मालक, माझ्या हातचं कसं चालंल तुमाला?" खाला म्हणाली.

"चालेल."

"तुमाला चालंल. मला नाय चालत. उमरभर कुनाचा धरम बुडवला नाय मी. आता म्हातारपनी बुडवू का?"

"माझा धर्म माझा मी बघीन. तू तुझ्या घागरीतलं दे."

"नाय मालक."

उन्हाने आणि तहानेने त्यांचा घसा सुकला होता. मुळात चिडका स्वभाव. ते एकदम ओरडले, "अगं, तुझं पाणी प्यालो की मला तुला काढता येणार नाही! एवढं कळत कसं नाही तुला?"

खाला खाली बसली. तिला दिसत नव्हतं तरी ती मालकांच्या दिशेने बघत होती. मग तिने मला विचारलं, "बेटी, खरं हे?" मी म्हटलं, "खरं आहे खाला. त्यांचा नेमच आहे तसा. दे ना त्यांना पाणी." मी अक्षरशः हात जोडले.

तिने मान हलवली. "म्हंजे पान्याच्या बदल्यात खोली. नाय मालक. तहानेल्याला पानी पाजलं तर सवाब मिळतो आमच्यात. अल्लाच्या घरी जमा होतं ते. त्याचं मी भाडं कसं घेऊ?"

"भाडं नाही गं ते," मालक म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "मी बोललोच नाही असं समज. नुसतं दे."

"आता नुसतं कसं देऊ? आता मला कळलं ना."

मी आणलेलं पाणी तसंच राहिलं. मालकांनी त्याला हात लावला नाही. दाराची चौकट धरून ते उठले आणि बाहेर पडले.

मी त्यांच्या मागे अंगणात गेले आणि स्पष्टच विचारलं, "मालक, पाण्याचं नाटक कशाला? राहू दे तिला तशीच. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"तांबट विचारील," ते म्हणाले. "त्याचे पाय असे, तरी त्याला जा म्हटलं मी. त्या म्हातारीला म्हटलं. एकीला ठेवायचं तर मला कारण लागतं, कादवा. नाहीतर मी त्या दोघांना कुठल्या तोंडाने घालवलं?"

मला त्यांचा पुन्हा राग आला. माणूस बेघर व्हायच्या बेतात आहे आणि यांना कारण हवंय! आजही मला वाटतं, की त्या दोघांपैकी एकाने जरी आपला हेका सोडला असता, तर काय बिघडणार होतं? पण दोघंही एकाच मातीची. एक नेमाशिवाय दया करायला तयार नाही, आणि दुसरी नेमाचा फायदा घ्यायला तयार नाही.

त्यानंतर मालक रोज दुपारी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसू लागले. तांब्याविना. ऊन मी म्हणत असायचं. ओठ कोरडे, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि हा माणूस पाणी मागत नाही, नुसता बसतो. खाला आतून विंझणा घेऊन यायची आणि उंबऱ्याच्या आत बसून त्यांना वारा घालायची. घागर तिच्या मागेच कोपऱ्यात असायची. दोघंही फारसं बोलत नसत. एकदा तिने विचारलं, "लेकाचं कसं चाललंय?" ते म्हणाले, "बरं चाललंय." एकदा त्यांनी विचारलं, "जेवलीस?" ती म्हणाली, "जेवले." ते खोटं होतं, कारण तिच्या चुलीतून सकाळपासून धूर निघाला नव्हता. मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसायची आणि मला रडू यायचं. वाटायचं, दे गं बाई, दे एकदाचं.

महिना संपला त्या सकाळी खालाने खोली झाडून काढली. शिवायला आलेल्या उशा ज्याच्या त्याला पोचवायला माझ्या नवऱ्याजवळ दिल्या. एक वळकटी, एक डेचकी आणि ती घागर, एवढं घेऊन ती निघाली. कुठे निघालीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "दर्ग्याच्या ओसरीवर चार बाया बसतात, तिथं." मी म्हटलं, "माझ्याकडे रहा." आमची खोली एक, आत आम्ही तिघं आणि सासरचं येणंजाणं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या घरात भांडन नको." मालक तेव्हा गंगेवर स्नानाला गेले होते. ती त्यांची वेळ तिला पक्की माहीत होती.

ते परत आले, ओलं धोतर खांद्यावर तसंच टाकून मोसमच्या दारात उभे राहिले. आत काहीच नव्हतं. भिंतीवर जिथे ती टेकून बसायची तिथे तेलकट डाग होता. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही.

आणि नंतर त्यांना एक नवीनच खोड लागली. भेटेल त्याला, न विचारता, ते सांगायचे, "तिला मी काढलं नाही. ती गेली." न्हाव्यासमोर बसले की न्हाव्याला सांगायचे. भाजीवालीला सांगायचे. तिला बिचारीला कोण, कुठली, काही ठाऊक नसायचं. ती "हो बाबा" म्हणून जुडी त्यांच्या पिशवीत टाकायची. मुंबईचा मुलगा आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं गेली ते. आता चांगला भाडेकरू बघा." चांगला काय आणि वाईट काय, त्या मंदीत भाडेकरू होते कुठे? गावोगावची माणसं नाशकात येण्याऐवजी नाशकातली गावाकडे चालली होती. तांबटाची खोली तशीच राहिली, म्हातारीची तशीच, आणि खालाची तर मी तिथे असेपर्यंत एक दिवसही उघडली नाही. ज्या खोलीसाठी तिला जावं लागलं, ती खोली कुणालाच नको होती.

मी मधूनमधून दर्ग्याकडे भाकरी घेऊन जायची. पावसाळ्यात ओसरीवर पाणी उडायचं. खालाच्या छातीत कफ भरला होता. मला ओळखून हसायची, माझ्या मुलाचं विचारायची. मालकांचं विचारायची नाही. मीही सांगायची नाही. गणपती झाल्यावर एकदा गेले, तर तिच्या जागी दुसरीच बाई बसलेली. ती म्हणाली, "वो बुढ्ढी तो गई." कधी, कसं, काही तिला नीट सांगता आलं नाही. तिथल्याच लोकांनी माती दिली होती.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं. ते छपराकडे बघत होते. म्हणाले, "मोसमचं कौल सरकलंय. आत पाणी येत असेल." मग छत्री उचलून आत गेले.

पुढच्याच वर्षी छापखान्याने माणसं कमी केली, त्यात हेही आले. आम्ही निफाडला परतायचं ठरवलं. बैलगाडीत सामान भरत असताना मालक ओट्यावर येऊन उभे राहिले. खूप वाकले होते. मी पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कादवा, तू समोर होतीस. तिला मी काढलं नव्हतं ना?"

एवढ्या वेळा ऐकून मला खरं म्हणजे त्या वाक्याचा कंटाळा आला होता. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मला टाळता येईना, आणि खोटंही बोलवेना.

"नव्हतं काढलंत मालक," मी म्हटलं. "पण तिला जायला कुठे जागा नव्हती."

त्यांनी मान हलवली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ते बोलून दाखवलं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुला माहीत होतं. फंडालासुद्धा माहीत होतं."

गाडीवाल्याने बैलांना हाक दिली. बोळाच्या वळणापर्यंत मी मागे बघत होते. मालक तसेच ओट्यावर उभे होते, आणि त्यांच्यामागे चाळीतली सगळी दारं बंद होती.